वंशावळीचे वाचन आणि भाषाविभागांचे कर्तव्य

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी श्राद्धकर्मासाठी गेलेला यजमान आपले आडनाव व मूळ गाव सांगतो, आणि तीर्थोपाध्याय कापडात गुंडाळलेली लांबट वही उलगडून त्याच्या आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखवितो. त्या नोंदीखाली कोणा पूर्वजाने स्वहस्ते लिहिलेल्या चार ओळी असतात, आणि त्या पुष्कळदा मोडीत असतात. यजमानाला त्या वाचता येत नाहीत. उपाध्याय सांगेल ते प्रमाण मानून तो खाली आपले व आपल्या मुलांचे नाव लिहितो आणि निघून जातो. घराण्यांच्या इतिहासाची साधने या देशात विपुल आहेत. ती वाचण्याची विद्या मात्र ज्यांचा तो इतिहास आहे त्यांच्या हाती राहिलेली नाही, ही गोष्ट या लहानशा प्रसंगातून पुरेशी स्पष्ट होते.

कुलेतिहासाकडे विद्वानांनी आजवर काहीशा उपेक्षेने पाहिले. निवृत्त गृहस्थांचा फावल्या वेळचा छंद, अशीच त्याची गणना झाली. ही उपेक्षा आता परवडणारी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली; पुढे तिचे कार्यक्षेत्र राज्यभर विस्तारले. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे करावयाच्या छाननीसंबंधी शासननिर्णय निघाला. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, या घडामोडींनी एक वस्तुस्थिती उघडी केली. लाखो नोंदी तपासावयाच्या होत्या, त्यांतील पुष्कळशा मोडीत व उर्दूत होत्या, आणि त्या वाचणारी माणसे मोजकी होती. पणजोबाच्या नावापुढील एका अक्षरावर पणतूचे शिक्षण व नोकरी अवलंबून राहावी आणि ते अक्षर लावणारा मनुष्य तालुक्यात मिळू नये, ही भाषाशिक्षणाच्या क्षेत्रातील उणीव होय.

या उणिवेचा विचार केवळ मराठीपुरता करून भागणार नाही. मिथिलेत पंजीकारांनी ताडपत्रांवर राखलेली पंजी ही परंपरेनुसार चौदाव्या शतकातील कर्णाट वंशीय राजा हरिसिंहदेव याच्या काळापासून चालत आलेली आहे. विवाहापूर्वी वधूवरांचे निषिद्ध नाते नाही याची खातरजमा तिच्या आधारे केली जाई. गुजरातेत वहीवंचा बारोट यजमानांच्या पिढ्या लिहून ठेवीत व वाचून दाखवीत. दक्षिण महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात गावोगाव फिरणारे हेळवी मराठी घराण्यांच्या वंशावळी सांगतात, आणि त्यांची स्वतःची भाषा बहुधा कानडी असते. गोव्याचे दफ्तर १५९५ मध्ये दियोगु द कौतु याच्या हाती सोपविले गेले; तेथे पोर्तुगीज कागदांच्या शेजारी मोडी कागदही आहेत, आणि धर्मांतराबरोबर नावे बदलल्यामुळे एकाच कुळाचे दोन धागे दोन भाषांतून शोधावे लागतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा वृत्तांत मराठीत कोरविला. तो तमिळ प्रदेशात आहे आणि त्या दरबाराचे मोडी कागदही तेथेच आहेत. मॉरिशसमध्ये १८३४ नंतर गेलेल्या करारबद्ध मजुरांत कोकणातील मराठी भाषकही होते. त्यांच्या आगमनाच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. भारतातील घराण्याचा इतिहास एका भाषेच्या सीमेत क्वचितच मावतो. हे खरे असेल तर तो शिकविण्याचे स्वाभाविक स्थान अनेक भाषांना एकत्र नांदविणाऱ्या विद्यापीठीय विभागातच असले पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल. जुने कागद वाचणे हे इतिहास विभागाचे व दफ्तरखान्याचे काम. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे? याचे उत्तर वंशावळीच्या स्वरूपातच आहे. वंशावळ ही नुसती नोंद नसते, ती एक रचना असते. तिला कर्ता असतो, श्रोता असतो आणि प्रयोजन असते. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसले कुळाचा संबंध सिसोदिया वंशाशी जोडला गेला. त्या संबंधाच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु त्या क्षणी ती वंशावळ कोणते कार्य करीत होती याविषयी संदेह नाही. ए. एम. शाह आणि आर. जी. श्रॉफ यांनी १९५८ मध्ये बारोटांविषयी लिहिताना त्यांना वंशावळकारांबरोबरच पुराणकथाकारही म्हटले, ते याच अर्थाने. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर उत्तर कोकणातील कुळांची यादी देते, आणि ती देता देता त्या कुळांचे स्थान व आचारही ठरवून टाकते. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनचे काम सुरू झाले, तेव्हा आपल्या जमिनीचा हक्क शाबीत करण्यासाठी घराण्यांना पिढीनामे सादर करावी लागली. राजापुढील वंशावळ, सरकारी अधिकाऱ्यापुढील पिढीनामा, उपाध्यायाची वही आणि लग्न जुळविताना सांगितलेली कुळी या चार निरनिराळ्या लेखनजाती आहेत. एकीचे प्रमाण दुसरीला लावले की चूक होते. लेखनजातींतील असा भेद ओळखणे हे साहित्याभ्यासकाचे नित्याचेच काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुलेतिहासाच्या अभ्यासाने जातीचा अभिमान बळावेल, अशी भीती अनेकांना वाटते, आणि ती निराधार नाही. विसाव्या शतकात महाराष्ट्रात जे कुलवृत्तांत प्रसिद्ध झाले त्यांतील परिश्रम थक्क करणारे आहेत. पत्रव्यवहाराने शेकडो शाखा जुळविल्या गेल्या आणि घरोघरची कागदपत्रे उजेडात आली. परंतु हे वैभव मुख्यतः ज्या थोड्या जातींत अक्षरविद्या व वतने होती त्यांच्याच वाट्याला आले. कित्येक वृत्तांत मूळपुरुषापासून सुरू होऊन पदवीधरांच्या यादीपाशी संपतात. वाट्याला आलेल्या गावाचा त्यात उल्लेख असतो. त्या गावची जमीन कसणाऱ्याचा नसतो. या दोषावरचा उपाय मात्र अभ्यास सोडून देणे हा नव्हे. अभ्यास सोडल्याने वंशावळी नाहीशा होत नाहीत; त्या केवळ अपरीक्षित राहतात. ज्याला आपल्या घराण्याची पाने चिकित्सेने वाचता येतात, त्याला मूळपुरुष कोठे जोडला गेला आणि कोणती पिढी गाळली गेली हेही दिसू लागते. अभिमानाला त्याहून चांगला उतारा नाही.

शिवाय आज वंशावळीची सर्वांत निकडीची गरज अभिमान मिरविणाऱ्यांना नाहीच. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घेताना अर्जदाराला वंशावळ शपथेवर द्यावी लागते आणि ठराविक तारखेपूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा होत. ज्यांच्या आजोबाला गाव नव्हते, शेत नव्हते आणि ज्याने शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्यांनी सात-बारा, फेरफार किंवा शाळेचा दाखला कोठून आणावा? काही जमातींच्या बाबतीत पूर्वजांचे नाव लेखी स्वरूपात सापडण्याचा संभव असलेल्या थोड्या जागांपैकी एक म्हणजे १८७१ व १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली ठेवलेली पोलिसी नोंदवही. ज्या कागदाने आजोबाला जन्मतः गुन्हेगार ठरविले, तोच कागद नातवाने हक्काचा पुरावा म्हणून शोधावा, यातील वेदना कोणत्याही नमुन्याच्या रकान्यात बसत नाही. ती वाचण्यासाठी दफ्तराच्या ज्ञानाबरोबर साहित्याने दिलेली जाणही लागते.

आता प्रत्यक्ष शिक्षणाचा विचार करू गेल्यास, मोडीचे वर्ग महाराष्ट्रात आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय ते घेते. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळही घेते. त्यांचे कार्य मोलाचे आहे. परंतु लिपी ओळखणे आणि कागद लावणे यांत अंतर आहे, आणि अल्पमुदतीच्या वर्गात विद्यार्थी पहिल्या पायरीच्या फार पुढे जाऊ शकत नाही. 'खमस सबैन व अलफ' ही अक्षरे त्याला वाचता आली, तरी हे अरबी संख्याशब्द असून सुहूर सनाचे १०७५ हे वर्ष त्यांनी दाखविले आहे, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावयाचे आहेत, आणि हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने दोहोंपैकी कोणता आकडा घ्यावयाचा हे महिन्यावरून ठरते, एवढे सर्व माहीत असल्यावाचून १६७४ किंवा १६७५ हे साल त्याच्या हाती येत नाही. 'बिन' व 'वलद' म्हणजे मुलगा हे तो शिकतो. पण स्त्रीच्या नावापुढील 'कोम' म्हणजे पत्नी आणि जात दाखविणारा 'कौम' हे शब्द घाईच्या लेखणीत जवळजवळ एकसारखे दिसतात, आणि तेथे संदर्भावाचून निर्णय होत नाही. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या रूढीमुळे संताजी बिन रामजी आणि रामजी बिन संताजी आलटूनपालटून येत राहतात. त्यांतील कोणता रामजी कोणाचा पिता, हे ठरविताना पिढी चुकली की शंभर वर्षांचा इतिहास सरकतो. दत्तकाच्या बाबतीत तर जन्मदाता पिता कागदावरून नाहीसाच होतो.

सर्वांत मोठी पोकळी स्त्रियांच्या बाबतीत आहे. विवाहाबरोबर नाव बदलण्याच्या चालीमुळे एकच स्त्री माहेरी एका नावाने व सासरी दुसऱ्या नावाने नांदते, आणि बहुतेक वंशवृक्षांत ती दोन्हीकडे गैरहजर असते. वंशाचा अर्धा भाग अशा रीतीने कागदावर येतच नाही. तो अन्यत्र आहे, आणि तो कोठे आहे हे साहित्याच्या अभ्यासकाला इतरांपेक्षा अधिक माहीत असावयास हवे. जात्यावरच्या ओवीत स्त्री भावाचे नाव घेते, माहेरचे गाव सांगते, मामा-मावशीचा उल्लेख करते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. ओवी हा न्यायालयीन पुरावा नव्हे आणि तिला तसे राबवूही नये. परंतु पुरुषांच्या वंशावळीला समांतर अशी नात्यांची एक स्मृती स्त्रियांनी मौखिक परंपरेत जोपासली, हे तिच्यावरून समजते. इरावती कर्वे यांच्या आप्तसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथाने भारतीय भाषांतील नातेवाचक शब्दांना समाजाभ्यासाचे साधन बनविले होते. तो मार्ग भाषाविभागांनी पुढे चालविला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

यास्तव विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांनी कुलेतिहासाचा एक अभ्यासक्रम आखणे अगत्याचे आहे. तो पदवीच्या विद्यार्थ्यांइतकाच विभागाबाहेरील सामान्य जिज्ञासूंनाही खुला असावा. त्यात लिपी, कालगणना व कागदाच्या परिभाषेला जेवढे स्थान, तेवढेच लेखनजातींच्या विवेकाला आणि मौखिक साधनांना असावे. एखाद्या मराठी विद्यार्थ्याने हेळव्याची कानडी ऐकावी, मैथिलीच्या विद्यार्थ्याने तीर्थोपाध्यायाची वही पाहावी, आणि दोघांनी मिळून गोव्यातील एखाद्या कुळाच्या दोन भाषांतील नोंदी ताडून पाहाव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याने अखेरीस एका कुटुंबाचा वृत्तांत लिहावा, आणि शक्यतो ते कुटुंब आजवर ज्याला कुलवृत्तांत लाभला नाही असे असावे. काय सापडले याबरोबरच काय सापडले नाही व का, याचे प्रकरण त्यात अनिवार्य मानावे.

केवळ जतनाच्या प्रयत्नांनी ही गरज भागत नाही. अमेरिकेतील युटा येथे १८९४ मध्ये स्थापन झालेल्या वंशावळी संस्थेने हरिद्वारच्या वह्यांचेही सूक्ष्मचित्रण केले. पाने त्यामुळे सुरक्षित झाली. वाचक त्यामुळे निर्माण झाला नाही. यंत्राने टिपलेल्या पानासमोरही तो यजमान तितकाच निरक्षर राहतो, जितका त्र्यंबकेश्वरच्या ओसरीवर असतो. मोडी हाताने लिहिणारी शेवटची पिढी आता गेली आहे, आणि वह्या सांभाळणाऱ्या उपाध्यायांच्या मुलांपैकी किती जण तो व्यवसाय पुढे चालवतील याचा भरवसा नाही. पूर्वजाने आपल्या हाताने लिहिलेल्या चार ओळी वंशजाला स्वतः वाचता याव्यात, आणि त्यांवर कितपत विश्वास ठेवावा हेही त्याचे त्याला ठरविता यावे, एवढी साधी अपेक्षा भाषेचे शिक्षण पूर्ण करू शकत नसेल, तर त्या शिक्षणाच्या प्रयोजनाचाच फेरविचार करावा लागेल.