वीस पडले, पण...

हॉस्टेलवर आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. गोष्ट चालवणारा, म्हणजे डंजन मास्टर, मी. गेल्या महिन्यात रूममेटने कुलूप उघडायला वीस बाजूंचा फासा टाकला. २० पडले! तो उड्या मारायला लागला. मी २०१४ च्या आवृत्तीचं पुस्तक काढलं : २० ला हमखास यश फक्त हल्ल्यात, कुलपाला ठरलेला आकडा गाठावाच लागतो. तासभर वाद. मेस बंद, सगळे उपाशी. रूममेट त्यानंतर खेळायलाच आलेला नाही.

माझं मत एवढंच, डंजन मास्टरने मिनिटभरात निर्णय द्यावा, सगळ्यांनी तो मानावा. पुस्तक खेळ संपल्यावर उघडावं. चुकलं असेल तर सरळ कबूल करावं. वाद जिंकला आणि मित्र गेला, तर खेळायचं कोणाशी?