जपानात बक्षिसी नको

जपानला निघालात? आपल्याकडे हॉटेलातून उठताना बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवायची सवय असते. तोक्योत तसे करू नका. तिथे टिप देण्याची पद्धतच नाही. पैसे विसरलात असे समजून वेटर मागे धावत येतो. माझ्या नणंदेला असेच भर रस्त्यात गाठले, तेव्हा बिचारीला वाटले, बिल कमी दिले की काय! परक्या गावात किती ओशाळायला होते, ते तिलाच ठाऊक.

दुकानात पैसे हातात न देता गल्ल्यावरच्या छोट्या तबकात ठेवावेत. ५०० येनपर्यंत सगळी नाणीच, सर्वांत लहान नोट १,००० ची. त्यामुळे पर्स लवकर जड होते. नाणी भारतात सहसा कोणी बदलून घेत नाही, तेव्हा परतीच्या आधी तीच खर्चून टाका.

कार्डाच्या यंत्राने 'रुपये की येन?' असे विचारले तर येनच निवडा. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो खरा, पण त्यात लावलेला दर बहुधा महागच पडतो.

आणि हो, आगगाडीत मोबाईलवर बोलू नये. सासूबाईंचा फोन आला तरी उतरल्यावरच करा!