आरोग्य केंद्रातली नोंद हेही विज्ञानच

कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावरील उपचार मोठ्या शहरातील संशोधन संस्थेत नव्हे, तर महाड परिसरात विकसित झाले. हा विंचू दगडांखाली, लाकूडफाट्यात, रचलेल्या पेंढ्यात लपतो. त्याच्या विषामुळे चेतातंतूंतील सोडियमच्या वाहिन्या वेळेवर बंद होत नाहीत आणि शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रुग्णाला ओकाऱ्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. पुढे हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी साचते. लहान मुलांना हा धोका अधिक. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे यावर काही नव्हतेच. पण ॲट्रोपिनसारखी जी औषधे डॉक्टर तेव्हा देत, तीही उपयोगी पडत नसत, काही वेळा अपायच करत.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. दंश झालेल्या रुग्णाची नाडी, रक्तदाब, हातापायांची ऊब आणि श्वास ते ठरावीक अंतराने नोंदवत. या नोंदींतून हृदय धोक्यात येत असल्याची सुरुवातीची लक्षणे स्पष्ट झाली आणि १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा भार उतरेल, हा पुढचा तर्क. नायट्रोप्रुसाइडने तो खरा ठरला. पण त्यासाठी सलाइन आणि अखंड देखरेख लागते. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी तोंडाने देता येते. तिच्या उपयोगाचा अहवाल १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी सुमारे ३० टक्के होते. ते ४ टक्क्यांच्या खाली आले.

केवळ पूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना मात्र पुरेसा पुरावा ठरत नाही. रस्ते सुधारले, रुग्ण लवकर येऊ लागले, तरी मृत्यू घटू शकतात. म्हणून पुढची पायरी यादृच्छिक चाचणीची. महाडमध्येच ७० रुग्णांवर अशी चाचणी झाली आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले, तर फक्त प्राझोसिन घेतलेल्यांना जवळपास १८ तास लागले. निरीक्षण, तर्क, उपचार आणि नियंत्रित तुलना हा विज्ञानाचा पूर्ण क्रम एका तालुक्याच्या गावात पार पडला.

गडचिरोलीचा अनुभव याच दिशेचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यसेविकांना नवजात बाळांची घरी तपासणी, नोंद आणि जंतुसंसर्गावर उपचार शिकवले. शेजारच्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे घरोघरच्या नवजात देखभालीची जबाबदारी देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे आली.

ही उदाहरणे अपवाद राहिली याचे कारण व्यवस्थेत आहे. शोधनिबंधाची अट वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकाला असते; विंचूदंश, सर्पदंश आणि कीटकनाशकांची विषबाधा मात्र आधी पाहतो तो आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी. त्याच्या नोंदी मुख्यतः वरिष्ठ कार्यालयाला आकडे कळवण्यासाठी असतात. केसपेपर रुग्णाबरोबर घरी जातो. जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे पाठवणाऱ्याला सहसा कळत नाही. अशा स्थितीत आपला उपचार बरोबर होता की चूक, हे तपासण्याची सोयच उरत नाही.

यावर आक्षेप असा की, रोजच्या गर्दीत आणि रिक्त पदांमुळे डॉक्टरला रुग्ण तपासायलाच वेळ पुरत नाही. गर्दीचा मुद्दा खरा आहे. पण मागणी शोधनिबंध लिहिण्याची नाही. दंश किंवा विषबाधेच्या रुग्णासाठी एका पानाचा ठरलेला तक्ता पुरे: दंशाची वेळ, आल्यावेळची लक्षणे, दिलेले औषध व मात्रा, दर काही तासांनी तपासणी आणि अखेरचा परिणाम. परिचारिकाही त्यातला बराच भाग भरू शकते. दुसरा आक्षेप रुग्णाच्या खासगीपणाचा. नाव वगळून क्रमांक वापरणे आणि संशोधन म्हणून माहिती वापरण्यापूर्वी नीतिसमितीची मान्यता घेणे, हे त्याचे उत्तर आहे.

आरोग्य विभागाने असा तक्ता सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांत लागू करावा. पुढे पाठवलेल्या रुग्णाचा परिणाम मूळ केंद्राला कळवणे जिल्हा रुग्णालयांवर बंधनकारक करावे. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाने संख्याशास्त्राची मदत द्यावी आणि निष्कर्षांत केंद्रातील डॉक्टरचे नाव व श्रेय राहील याची हमी द्यावी. शासकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना बंधपत्रित सेवेच्या आरंभीच हे नोंदलेखन शिकवावे. यासाठी नवी इमारत लागत नाही की महागडे यंत्र. आरोग्य विभागाने सर्पदंश आणि विंचूदंश जास्त असलेल्या जिल्ह्यांपासून ही सुरुवात करावी.