परमुलखांतील बिऱ्हाड

परमुलखीं नोकरी मिळाली म्हणजे घरांत पेढे वाटले जातात. तेथें रात्रीं पाठ कोठें टेकावयाची हा प्रश्न पेढे संपल्यावर निघतो. आमच्या गांधीबागेच्या घरांत दोन वर्षांपूर्वीं नेमकें हेंच झालें. आमची पुतणी इंग्रजी शिकविण्याच्या नोकरीवर जपानांत, ओसाका शहराच्या एका उपनगरांत निघाली. पगार किती, थंडी किती, वरणभाताची सोय काय, याची चौकशी घरांत सर्वांनीं केली. घरभाड्याचा विषय मात्र कोणीं काढला नाहीं. ज्या कुटुंबानें तीन पिढ्या भाडें घेतलें, दिलें कधींच नाहीं, त्याला तो सुचावा कसा? पुढें जें अनुभवानें शिकावें लागलें तें इतर घरांच्या उपयोगीं पडावें, म्हणून या महिन्यांत हाच विषय घेत आहों.

प्रथम एक सावधगिरी. इंग्रजी शिकवावयास परदेशीं जाणारांसाठीं जो उपदेश छापलेला आढळतो, तो बहुधा अमेरिकेच्या व इंग्लंडच्या मुलांकरितां लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, दक्षिण कोरियाच्या सरकारी शाळांतील इंग्रजी शिक्षकांस बिनभाड्याचें घर मिळतें, हें खरें. पण त्या योजनेच्या नेमणुका मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या सात देशांच्या नागरिकांसाठीं असतात, आणि त्या सातांत आपला देश नाहीं. तेव्हां दुसऱ्याच्या सवलतीवर आपला हिशेब बांधूं नये.

आतां जपानचा हिशेब. तेथें महिन्याचें भाडें ऐकून माणूस फसतो, कारण खरा खर्च दारांत पाऊल टाकण्याचा आहे. समजा, एका खोलीचें भाडें ५०,००० येन आहे. त्यावर एक महिन्याची अनामत धरा. मग 'रेइकिन' म्हणून आणखी एक महिन्याचें भाडें येतें. ही घरमालकाच्या आभाराप्रीत्यर्थ द्यावयाची रक्कम असून ती परत मिळत नाहीं. आपल्या बाजारपेठेंतील पगडीची ही दूरची बहीण म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच कीं, पगडी देणाऱ्याचा जागेंत कांहीं हक्क उत्पन्न होतो, रेइकिन देणाऱ्याला केवळ किल्ली मिळते. दलालाची दलाली कर धरून ५५,००० येनपर्यंत. ओळखीचा हमीदार नसेल तर हमी देणाऱ्या कंपनीस अर्ध्या महिन्याचें भाडें. पहिल्या महिन्याचें भाडें आगाऊ, शिवाय आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च. ही सर्व बेरीज अडीच लाख येनांच्या घरांत जाते. येनाचा भाव अर्ध्या रुपयाहून थोडा अधिक धरला, तर सव्वा लाख रुपयांहून जास्त रक्कम पहिला पगार हातीं पडण्याच्या आधींच लागते. रेइकिन न घेणारीं घरेंही आहेत, आणि दरमहा थोड्या स्वस्त असलेल्या खोलीपेक्षां तीं पुष्कळदां अधिक स्वस्त पडतात. म्हणून घर पाहतांना भाडें विचारूं नये. दोन वर्षांचा एकूण खर्च विचारावा. दोन वर्षें संपलीं कीं करार नवा करण्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं आणखी एक महिन्याचें भाडें द्यावें लागतें, तेंही त्यांत धरावें.

एवढें करून हातीं येतें तें काय? खोली तेथें चटयांच्या मापानें मोजतात. सहा चटयांची खोली म्हणजे सुमारें १०० चौरस फूट. आमच्या देवघरासकट स्वयंपाकघर याहून मोठें आहे. खोली पूर्ण रिकामी असते. शेगडी नाहीं, पुष्कळदां छताला दिवाही नाहीं. पुतणीनें पहिली रात्र रस्त्यावरील उजेडांत काढली, हें आम्हांस तिनें सहा महिन्यांनंतर सांगितलें.

मग स्वस्ताईचा मार्ग कोणता? आमच्या मतें चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली ही कीं, येथें बसून, चित्रें पाहून घर ठरवूं नये. पहिले एक-दोन महिने सामाईक स्वयंपाकघराच्या, सामान असलेल्या बिऱ्हाडांत काढावे. तेथें रेइकिन नसतें आणि महिन्याच्या बोलीनें राहतां येतें. तेवढ्या अवधींत रहिवाशाचें कार्ड, बँकेचें खातें व फोनचा क्रमांक हीं तीन साधनें हातीं येतात. त्यांवांचून पुढचा घरमालक दाराशींही उभें करीत नाहीं.

दुसरी ही कीं, सरकारी पाठबळ असलेल्या 'यूआर' या संस्थेच्या इमारतींची चौकशी अवश्य करावी. युद्धोत्तर काळांतील घरटंचाईवर उपाय म्हणून १९५५ सालीं जें गृहनिर्माण महामंडळ निघालें, त्याचा हा वारसा. तेथें रेइकिन नाहीं, दलाली नाहीं, हमीदार नाहीं, करार नवा करण्याची फी नाहीं. दोन महिन्यांची अनामत आणि ठराविक उत्पन्नाचा दाखला एवढें पुरतें. इमारती जुन्या व स्थानकापासून लांब असतात, हें मात्र खरें.

तिसरी गोष्ट अंतराची. जपानांत नोकरीच्या जागीं जाण्यायेण्याचा खर्च बहुधा मालकच देतो, आणि गाड्या वेळेवर धांवतात. म्हणून तेथें लांब राहणें शहाणपणाचें ठरतें. परंतु हाच नियम सर्वत्र लावूं नये. आखातांत शिकवावयास गेलेलीं आपलीं कितीतरी माणसें दुबईचें भाडें परवडत नाहीं म्हणून शारजांत राहतात, आणि वांचविलेला पैसा सकाळ-संध्याकाळ मोटारींच्या रांगेंत आयुष्याच्या रूपानें मोजून देतात. शिवाय तेथें वर्षाचें भाडें पुढील तारखांचे मोजकेच चेक लिहून देण्याची वहिवाट आहे. खात्यांत पैसा नसतां चेक लिहिणें कोठेंही घातकच.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नोकरी आणि छप्पर शक्य तों एकाच हातांत देऊं नये. शिकवणीचे खाजगी वर्ग चालविणारे पुष्कळदां स्वतःच खोली देतात व भाडें पगारांतून कापतात. नवख्याला ही सोय वाटते, आणि पहिल्या तिमाहीपुरती ती असतेही. पण ज्या दिवशीं पगाराबद्दल तक्रार करावी लागते, त्या दिवशीं आपण कोणाच्या घरांत उभे आहों हें आठवून जीभ अडखळते. नोकरी सुटली तर छप्परही सुटतें. मुलीस पाठवितांना घरच्यांनीं दागिना एक कमी करावा, पण तीन महिन्यांचें भाडें तिच्या स्वतःच्या नांवावर ठेवावें. तें तिच्या स्वातंत्र्याचें मोल आहे.

पूर्वींच्या आपल्या स्त्रियांस ही सोय नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, त्या कार्पेंटरबाईंच्या घरीं मुलीसारख्या राहिल्या. हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवले १९१८ सालीं, पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकण्यासाठीं त्याच देशांत गेल्या, आणि अन्न व आसरा मिळविण्यासाठीं परक्यांच्या घरीं घरकाम करून राहिल्या. त्यांनीं 'माझी कहाणी' या आत्मवृत्तांत तें मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. आज परवान्याचे नियम अशा बदल्याच्या कामास बहुधा आड येतात. तरी त्यांच्या उदाहरणांतून एक गोष्ट निघते: परमुलखांत पैशापेक्षांही प्रथम लागतो तो दार उघडणारा माणूस.

आणि येथेंच आम्हांस जें लिहावयाचें आहे तें येतें. पुतणीनें दुसऱ्या महिन्यांत घर शोधावयास आरंभ केला. दलालाच्या दुकानांत तिनें एक खोली पसंत केली. दलालानें तिच्यासमोरच मालकास फोन लावला, दोन वाक्यें बोलला, फोन ठेवला आणि कमरेंत वांकून क्षमा मागितली. मालकाला परदेशी बिऱ्हाडकरू नको होता. असें तीन वेळां झालें. जपानच्या न्याय मंत्रालयानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, आदल्या पांच वर्षांत घर शोधणाऱ्या परदेशी रहिवाशांपैकीं सुमारें ३९ टक्क्यांनीं केवळ परदेशी म्हणून नकार मिळाल्याचें सांगितलें होतें. तेव्हां हें तिचें एकटीचें दुर्दैव नव्हे. एका ठिकाणीं कारणही कळलें. मसाल्यांचा वास भिंतींत मुरतो, अशी मालकाची समजूत होती. आमच्या घरची हिंगाची फोडणी!

त्या रात्रीं ती फोनवर म्हणाली, "काका, मला राग नाहीं आला. मला आपल्या माडीवरच्या खोल्या आठवल्या."

आम्ही गप्प राहिलों. चार वर्षांपूर्वीं आसामची एक तरुण शिक्षिका त्या दोन खोल्या पहावयास आली होती. नागपुरांतील एका शाळेंत ती इंग्रजी शिकवीत असे. खोल्या तिला आवडल्या होत्या. भाडेंही मान्य होतें. आमच्या आजीनें मासळीचें विचारलें. मुलगी खरें बोलली. आम्हीं तिला सौम्य शब्दांत, चहा पाजून, "दुसरीकडे बघा" म्हणून सांगितलें. चहाचा पेला नेऊन देणारी आमची पुतणीच होती. खोल्या नंतर वर्षभर रिकाम्या राहिल्या.

आपण नागपूरकरांस हा विषय परका नसावा. न्यूयॉर्क व लंडन येथें विद्या संपादन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ सालीं बडोद्यास नोकरीवर आले, तेव्हां त्यांस त्या शहरांत राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेंत पारशी नांवानें ते थोडे दिवस राहिले. ओळख फुटतांच काठ्या घेतलेल्या माणसांनीं त्यांस बाहेर काढलें, आणि दुसरा आसरा न मिळाल्यानें मुंबईची गाडी निघेपर्यंतचा वेळ त्यांनीं तेथील सार्वजनिक बागेंत काढला. न्यूयॉर्कमध्यें विद्यार्थिवसतिगृहांत त्यांस खोली मिळाली होती. स्वदेशांत मिळाली नाहीं. याच शहरांत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्यांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या दिवसाचा मेळा आपण दर वर्षीं पाहतों. पण बडोद्याचा तो दिवस आणि आपल्या माडीचें कुलूप यांचा कांहीं संबंध आहे, असें आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें.

कोणी म्हणेल, घर आपलें आहे, कोणास द्यावें हा आपला अधिकार आहे. ओसाकाचा तो घरमालकही हेंच म्हणतो. आपल्या सोंवळ्याचा आदर आम्हांसही आहे. पण तें आपल्या चुलीपुरतें असावें, दुसऱ्याच्या ताटापर्यंत त्याचा हात पोंचूं नये. बिऱ्हाडकरूस विचारण्याजोग्या गोष्टी थोड्याच: भाडें वेळेवर देईल काय, अनामत ठेवील काय, १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणें लेखी करार नोंदवावयास येईल काय, आणि पोलिसांत नोंद करावयास कागद देईल काय. याहून अधिक विचारण्यापूर्वीं आपल्या घरांतील कोण मूल आज कोणाच्या दारांत उभें आहे, हें एकदां आठवावें.

पुतणीला अखेर यूआरच्या एका जुन्या इमारतींत चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. शेजारची म्हातारी बाई तिला मुळे आणून देते आणि फोडणीच्या वेळीं खिडकी उघडून काय शिजतें म्हणून विचारते. आमच्या माडीवर सध्यां एक शिक्षिका बिऱ्हाड करून आहे. तिच्या ताटांत काय असतें हें आम्हीं विचारलें नाहीं, आणि आजीनेंही नाहीं. पण ही ती आसामची मुलगी नव्हे. तिचा पत्ता आम्हीं त्या दिवशीं लिहून घेतला नव्हता.