आमिष कोणते होते?

दसऱ्याच्या दिवशी निळे झेंडे घेतलेली माणसे दीक्षाभूमीकडे चालत असतात आणि रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव भरतो. एकाच तिथीला हे दोन्ही पाहणाऱ्या नागपूरकरांना आता त्याचे नवल वाटत नाही. आज मात्र त्याचे मोल पुन्हा सांगण्याची वेळ आली आहे.

उत्तर प्रदेशात २०२१च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे. मग त्याच्या मनात खरे काय आहे, याची चौकशी पोलीस करणार! अशा कायद्यांमागे एक संशय असतो: गरीब माणूस धर्म बदलतो तो आमिषापोटीच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांनी भदंत चंद्रमणींकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखोंना स्वतः दिली. त्यांना कोणते आमिष होते? उलट, अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळाल्या त्या थेट १९९०मध्ये. चौतीस वर्षे या माणसांनी आपल्या निर्णयाची किंमत मोजली. येवल्याच्या १९३५च्या धर्मांतराच्या घोषणेपासून बाबासाहेबांनी एकवीस वर्षे विचार केला, तो जाहीरपणे. पण परवानगीचा अर्ज कुणाकडे केला नाही. संविधानाच्या पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आधी येते, धर्म आचरण्याचे नंतर. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

नागपूरचेच माजी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांचे उदाहरण विलक्षण आहे. मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष. त्यांच्या १९५६च्या अहवालाचा हवाला धर्मांतरविरोधी कायदे मागणारे आजही देतात. त्याच वर्षी, त्याच दीक्षासमारंभात नियोगींनीही बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांचा हेतू तपासायला कुणी शिपाई गेला नाही, आणि ते योग्यच झाले. मग गडचिरोलीच्या आदिवासी बाईच्या किंवा झोपडपट्टीतल्या मजुराच्या बाबतीतच हा विश्वास का आटतो? दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान तर आजही अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत. श्रद्धा बदलली म्हणून गाव त्यांची जात विसरले, असे कुठे झाले आहे?

छप्पन साली त्या मैदानावर उभी असलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. सरकारी कचेरीत कारण सांगायला ती बांधील नव्हती. नातवंडांना मात्र ती आनंदाने सांगतील. वाचकहो, तुमच्या घरात असे आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा, त्यांचे कारण त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि आम्हाला पाठवा. पुढच्या अंकाची पहिली पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.