नंबर बोलायचा आणि नंबर ओळखीचा

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक ताई परवा रडवेल्या होऊन आमच्याकडे आल्या. गिऱ्हाइकांना घरचा नंबर द्यायला नको म्हणून मुलाने त्यांना इंटरनेटवरचा एक परदेशी नंबर घेऊन दिला होता. त्यावर व्हॉट्सॲप वर्षभर चालले. परवा मोबाईल बदलला, तेव्हा ओटीपीची मागणी झाली. परंतु नंबर देणारे ॲप कुणी उघडलेच नव्हते, म्हणून कंपनीने तो केव्हाच काढून घेतला होता. ओटीपी येणार कुठे? गिऱ्हाइकांची मापे, उधारीचे हिशेब, सारे गेले.

वाचकहो, यात ताईंचा काय दोष? हा फरक त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. सिमकार्ड आपली कागदपत्रे पाहून मिळते आणि आपल्याच फोनमध्ये बसते. इंटरनेटचा नंबर मात्र कंपनीच्या संगणकात असतो. ज्याच्या हाती पासवर्ड, तो कुठूनही उघडतो. असे नंबर स्वस्तात, घाऊक मिळतात. त्यामुळे लबाडांचीही सोय होते. म्हणून अनेक कंपन्या ओळख पटविण्यासाठी ते स्वीकारीतच नाहीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१७ सालीच नियम केला, की अशा पडताळणीसाठी इंटरनेट फोन वापरू नये. कारण हातात नेमका कोणता फोन आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

आपल्याकडेही तेच. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयचे ॲप प्रथम आपल्या सिमवरून एसएमएस पाठवून खात्री करते. सिमच नसेल तर गाडी तेथेच अडते. आधारचा ओटीपीही नोंदविलेल्या मोबाईलवरच येतो.

असे नंबर वाईट असे आम्ही म्हणत नाही. बोलायला, दुकानाच्या पाटीवर लिहायला ते ठीक. पण बँक, आधार आणि मुलांच्या शिष्यवृत्तीला सिमचाच नंबर द्यावा.

सिमचीही काळजी घ्यावी. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरले नाही आणि शिल्लक २० रुपयांहून कमी असेल, तर ते बंद होऊ शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. नंबर बदलायचा असेल तर जुना चालू असतानाच बँकेत, आधारला व व्हॉट्सॲपवर नवा नोंदवावा.

आणि बंधूंनो, घरातील स्त्रीचे सिम तिच्याच नावावर घ्या. तिची कमाई तिच्या खात्यात जाते, तर त्या खात्याची किल्लीही तिच्याच हाती हवी.