पहिला जामीन कोणाचा?

मालवणच्या किनाऱ्यावरील घराघरांत एके काळी मुंबईच्या मनीऑर्डरीची जी वाट पाहिली जाई, तिच्यामागे पगाराइतकेच मोलाचे आणखी एक धन असे: मुलगा हाताशी आला, की गिरणीतल्या बापाने वा चुलत्याने आपला शब्द खर्ची घालून त्याला 'बदली', म्हणजे तात्पुरता कामगार, म्हणून साच्यावर उभे करावे, आणि त्या शब्दाला बट्टा लागू नये म्हणून मुलानेही जपून वागावे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव हळूहळू उद्ध्वस्त झाले, तेव्हा पगाराबरोबर तो शब्दही बुडाला. लालबाग-परळच्या नाक्यांवर रिकाम्या हातांनी उभ्या राहिलेल्या पोरांपैकी काहींना मग टोळीचा 'भाई' हाच जामीनदार भेटला.

आज तीच कथा निराळ्या वेषात आमच्या दारी आली आहे. गोव्याची स्वस्त दारू बांदा-इन्सुलीमार्गे चोरून नेणाऱ्यांना गाडी हाकणारा तरुण हवा असतो, आणि नाक्यावर झडती झाली तर मुद्देमालासह सापडतो तो हाच. त्या मालाचा मालक दूर घरी स्वस्थ असतो. मग वकील मालकाचा, जामीन मालकाचा, आणि त्या उपकाराच्या फेडीत पुढची खेप, पुढचा दंगा, प्रसंगी हातातली सुरीही मालकाचीच.

अशा सूत्रधारांसाठी १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, आहे आणि त्याची अंमलबजावणी कठोरपणे व्हावी, याविषयी दुमत नाही. परंतु ज्याचे पाऊल प्रथमच घसरले, अशास योग्य प्रकरणी तुरुंगाऐवजी सद्वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा अधिकार १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने न्यायालयास दिला आहे. ती हमी देण्यास मालकाच्या आधी गाव पुढे आले पाहिजे.

त्याहून बरे, जामिनाची पाळीच येऊ न देणे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि दहावीच्या निकालाची खंतही तेव्हा ताजी असते. त्याच दिवसांत मुख्याध्यापक, ग्रामपंचायत आणि होडीमालक यांनी एकत्र बसून नापास झालेल्यांची व शाळा सुटलेल्यांची यादी करावी. कोणास पुरवणी परीक्षेस बसवावे, कोणास आयटीआयत धाडावे, कोणास इंजिनदुरुस्ती शिकवावी, याची तजवीज करावी. नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण होईल, तोवर यादीतील प्रत्येक नावापुढे गावातील कोणा जबाबदार माणसाची सही असावी.